कारभाराची पदवी

बेळगावच्या टिळकवाडीतील एखादे घर कल्पावे. वडील बँकेतून निवृत्त झालेले, आई वाचनालयात काम करणारी, आजी ऐंशीच्या घरातली आणि मुलगी सव्वीस वर्षांची. अभियांत्रिकीची पदवी घेऊन ती चार वर्षे पुण्याच्या एका कारखान्यात नोकरी करीत आहे. पगार वेळेवर होतो, वरिष्ठ समाधानी आहेत, आणि आता तिच्या लग्नाचे पाहावे की आधी घराचे गळके छप्पर बदलून घ्यावे एवढ्याच विवंचनेत घरची मंडळी आहेत. अशात एका रविवारी ती घरी येते आणि सांगते की, नोकरी सोडून दोन वर्षे पुन्हा शिकायला जाण्याचे तिने ठरविले आहे. कशासाठी, तर एम.बी.ए. होण्यासाठी, म्हणजे व्यवसाय-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेण्यासाठी. वडील खर्च किती ते विचारतात. आई वसतिगृहाची चौकशी करते. आजी मात्र बराच वेळ गप्प राहून म्हणते, “डॉक्टरकी शिकला की माणूस डॉक्टर होतो, वकिली शिकला की वकील. हे शिकून तू कोण होणार म्हणतीस गं बाळ?”

आजीचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. एका शतकाहून अधिक काळ मोठमोठ्या विद्यापीठांतील विद्वान याच प्रश्नाभोवती फिरत आहेत, आणि त्याचे सर्वांना मान्य होईल असे उत्तर अद्यापि कोणी दिलेले नाही. घरातील एवढी मोठी पुंजी ज्या पदवीवर लावावयाची, ती पदवी मुळात कशी जन्मली आणि ती माणसाला काय देते व काय देत नाही, हे श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल किंवा येणार असेल त्यांनी पाहून ठेवणे उपयोगाचे ठरेल.

कारभार हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, चिटणीस ही आज आडनावे झाली असली, तरी एके काळी ती कामे होती आणि ती कामे शिकावी लागत. परंतु ती शिकविणारी शाळा नव्हती. मुलगा बापाच्या शेजारी बसून मोडी लिहू लागे, उमेदवार म्हणून फडात राबे, चुकला की बोलणी खाई आणि दहा वर्षांनी कारभारी होई. पेढीवरचा मुनीम असाच तयार होई, आणि युरोपातील व्यापाऱ्यांची मुलेही अशीच तयार होत. व्यापार ही पाहून शिकण्याची गोष्ट आहे. ती पुस्तकातून शिकविता येईल आणि तीही विद्यापीठात, ही कल्पना एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेकांना हास्यास्पद वाटली असती.

ती कल्पना अमेरिकेत रुजली, आणि त्याला कारण रेल्वे. किराणा दुकानाच्या मालकाला आपले गिऱ्हाईक, आपला माल आणि आपला नोकर हे तिन्ही डोळ्यांसमोर दिसतात. हजारो मैलांच्या लोहमार्गाचा मालक मात्र त्यावरून रोज जाऊ शकत नाही. गाड्यांच्या वेळा, कोळशाचा हिशेब, मालाचे दर, शेकडो स्थानकांवरील माणसे ही सगळी पगारी अधिकाऱ्यांच्या हाती सोपवावी लागली. मग पोलाद, तेल, यंत्रे यांचे कारखानेही त्याच वळणावर गेले. भांडवल एकाचे आणि कारभार दुसऱ्याचा, अशी फारकत झाली. हा जो दुसरा, जो मालक नाही आणि मजूरही नाही, तो कोण? त्याला कोणी शिकवावे? त्याने कोणाशी इमान राखावे?

फिलाडेल्फिया येथील जोसेफ व्हॉर्टन या कारखानदाराने १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर देऊन व्यापारशिक्षणाची शाळा काढली. पण ती पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी होती. पदवीनंतरच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग १९०० मध्ये डार्टमथ महाविद्यालयात, टक यांच्या देणगीतून झाला. एम.बी.ए. हे आज घरोघर माहीत असलेले नाव मात्र १९०८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने सुरू केलेल्या शाळेपासून चालू झाले. पहिल्या वर्षी तिथे विद्यार्थी होते सारे ऐंशी, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पूर्ण अभ्यासक्रमाचे नव्हतेच. या शाळेचे पहिले अधिष्ठाता एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. व्यापार म्हणजे वस्तू तयार करून त्या नफ्याने विकणे, पण सभ्यपणाने, असा त्यांच्या व्याख्येचा आशय होता. त्या शेवटच्या शब्दावर त्यांचा सारा भर असे. वैद्यक आणि कायदा यांप्रमाणे कारभार हाही एक पेशा व्हावा, त्यालाही स्वतःचे शास्त्र आणि स्वतःचे व्रत असावे, ही त्या काळच्या प्रवर्तकांची आकांक्षा होती. म्हणजे आजीचा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारलेला होता.

परंतु शिकवावे काय? पाठ्यपुस्तके नव्हती, आणि प्राध्यापकांपैकी फार थोड्यांनी कधी दुकान चालविले होते. १९१९ मध्ये वॉलेस डॉनहॅम अधिष्ठाता झाले. ते कायद्याचे पदवीधर. कायद्याच्या वर्गात जुने खटले समोर ठेवून शिकवीत, तसेच व्यापारातील प्रत्यक्ष प्रसंग विद्यार्थ्यांसमोर ठेवावेत, अशी पद्धत त्यांनी रुजविली. तीच पुढे ‘केस’ पद्धत म्हणून जगभर गेली. ही पद्धत या शिक्षणाचा प्राण आहे, म्हणून ती नेमकी कशी चालते ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

बेळगावात ओतकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. तेव्हा उदाहरण तिथलेच कल्पू. एक जुना ओतशाळेचा मालक आहे. त्याच्याकडे साठ कामगार आहेत, त्यांतले दहा-बारा साचे बनविणारे कारागीर त्याच्या वडिलांच्या वेळचे. मोटारी बनविणारी एक मोठी कंपनी त्याला वर्षाचे मोठे काम देऊ करते. भाव मात्र नेहमीपेक्षा कमी, पैसे नव्वद दिवसांनी मिळणार, आणि एका नगातही दोष खपवून घेतला जाणार नाही. हे काम घ्यावयाचे तर विजेची नवी भट्टी हवी, भट्टीसाठी कर्ज हवे, कर्जासाठी घर गहाण टाकावे लागणार. आणि नवी यंत्रणा आली की जुन्या कारागिरांपैकी निम्म्यांचे हात रिकामे. काम नाकारावे तर शेजारचा कारखानदार ते घेणार, आणि पाच वर्षांत किरकोळ गिऱ्हाईकही त्याच्याकडे वळणार. ही हकीकत, तिच्यातील ताळेबंद, पत्रव्यवहार आणि आकडे यांसह दहा-वीस पानांत छापून विद्यार्थ्याच्या हाती देतात. तिच्या शेवटी उत्तर दिलेले नसते. विद्यार्थी ती रात्री एकटा वाचतो, सकाळी पाच-सहा सोबत्यांबरोबर तिचा खल करतो, आणि मग वर्गात जातो.

वर्गात अध्यापक व्याख्यान देत नाही. तो एखाद्या मुलाकडे बोट दाखवून विचारतो, “तुम्ही मालकाच्या जागी आहात. सोमवारी सकाळी काय करणार?” तो मुलगा काही सांगतो, दुसरी मुलगी हात वर करून त्याच्या हिशेबातील चूक काढते, तिसरा म्हणतो, भावाचा प्रश्नच गौण आहे, नव्वद दिवस कामगारांचा पगार कुठून देणार ते आधी सांगा. हार्वर्डमध्ये एका तुकडीत सुमारे नव्वद विद्यार्थी असतात आणि दोन वर्षांत अशा पाचशेच्या आसपास हकीकती त्यांच्या हाताखालून जातात. वर्गात जो बोलतो त्याला त्या बोलण्याचे गुण मिळतात. जो गप्प बसतो तो कितीही हुशार असला तरी मागे पडतो. मराठी माध्यमातून शिकून गेलेल्या कित्येक मुलामुलींचा पहिला कस इथेच लागतो. त्यांना हिशेब येत असतो, मुद्दा सुचलेला असतो. पण तो इंग्रजीत मनातल्या मनात जुळवीपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. पाठ म्हणून दाखविण्याची सवय आपल्या शाळांनी त्यांना लावली. समोरच्याचे म्हणणे खोडून काढून पुन्हा त्याच्याशी स्नेह राखण्याची सवय लावली नाही. हा दोष त्या मुलांचा खचित नव्हे.

या पद्धतीचा गुण असा की, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याचा सराव होतो. आणि संसारात काय किंवा कारखान्यात काय, माहिती पुरी कधीच नसते. हिशेब, विक्री, माणसे, कायदा हे विषय पुस्तकात निराळे असले तरी प्रसंगात ते एकाच गाठीत बांधलेले असतात, हेही कळते. पण तिचा दोषही तिच्या गुणातच आहे. वर्गात ऐंशी मिनिटांत ओतशाळेचा निकाल लागतो, निम्मे कारागीर कागदावर घरी जातात आणि विद्यार्थी जेवायला जातात. संध्याकाळी त्या कारागिरांपैकी कोणी दाराशी येऊन उभा राहत नाही. असे पाचशे निर्णय दोन वर्षांत घेतल्यावर हात सफाईने चालू लागतो, आणि सफाई ही गोष्ट शल्यविशारदाच्या हाती जितकी चांगली तितकीच इतरांच्या हाती धोक्याची असू शकते. मुंबईच्या डबेवाल्यांवरही हार्वर्डच्या एका प्राध्यापकाने २०१० मध्ये अशी हकीकत लिहिली. जगातले पदवीधर डबेवाल्यांची व्यवस्था अभ्यासू लागले. डबेवाल्यांना मात्र त्यासाठी कोणती पदवी घ्यावी लागली नव्हती.

१९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या आश्रयाने अमेरिकेत दोन स्वतंत्र पाहण्या प्रसिद्ध झाल्या आणि दोन्हींनी व्यापारशिक्षणावर कडक ताशेरे झाडले. शिकविणे उथळ आहे, संशोधन जवळजवळ नाही, असा त्यांचा रोख होता. तेव्हापासून गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा शिरकाव अभ्यासक्रमात झाला. स्त्रियांना मात्र आणखी थांबावे लागले. हार्वर्डच्या दोन वर्षांच्या पूर्ण अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून थेट प्रवेश त्यांना १९६३ मध्ये मिळाला, आणि त्या वर्षी आल्या फक्त आठ जणी. तिथून एम.बी.ए. झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणजे नैना लाल किडवाई. ते वर्ष १९८२.

भारतात या शिक्षणाचा आरंभ कुठे झाला याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९४९ मध्ये जमशेदपूर या पोलादाच्या गावी येशूसंघीय धर्मगुरू फादर क्विन एनराइट यांनी झेवियर कामगार-संबंध संस्था स्थापन केली. तिच्या नावातच कामगार आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये मजुरांच्या स्थितीविषयी जे परिपत्रक काढले, त्याने कॅथलिक जगात रास्त वेतन आणि कामगारांचा संघटना करण्याचा हक्क यांविषयी एक विचारपरंपरा निर्माण केली होती. कामगार आणि व्यवस्थापक या दोघांनाही एकाच छपराखाली शिकवावे ही दृष्टी तिच्याशी जुळणारीच होती. आज एक्स.एल.आर.आय. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही संस्था पगाराच्या आकड्यांसाठी वर्तमानपत्रांत गाजते. तिच्या नावातील ते एक अक्षर कामगारांचे आहे, हे तिथे जाणाऱ्या किती मुलांना ठाऊक असते कोण जाणे.

कलकत्त्यास १९५३ मध्ये समाजकल्याण आणि व्यवसाय-व्यवस्थापन यांची एक संस्था निघाली. हैदराबादेस १९५६ मध्ये प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय स्थापन झाले. वऱ्हाडच्या युवराजांच्या बेला व्हिस्टा या वाड्यात ते भरते, आणि तिथे नोकरीतल्याच अधिकाऱ्यांना शिकवितात. त्यानंतर १९६१ हे वर्ष उजाडले. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात कलकत्त्याची आणि डिसेंबरात अहमदाबादची, अशा दोन भारतीय व्यवस्थापन संस्था जन्मास आल्या. कलकत्त्याला अमेरिकेतील एम.आय.टी.चे साहाय्य होते, अहमदाबादला हार्वर्डचे. ही दुसरी संस्था मुंबईत निघावी असा मूळचा विचार होता. ती अहमदाबादेस गेली ती विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई आणि गुजरातचे पहिले मुख्यमंत्री जीवराज मेहता यांच्या खटपटीमुळे. हे जीवराज मेहता बडोदे संस्थानच्या अखेरच्या पर्वात तिथले दिवाण होते, हे बडोद्याच्या श्रोत्यांना स्मरत असेल. मुंबईला जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये मिळाली. इंदूरची व्यवस्थापन संस्था १९९६ ची. तिने २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रमही चालू केला. हैदराबादेत २००१ मध्ये इंडियन स्कूल ऑफ बिझनेस निघाले आणि अनुभवी माणसांसाठी एका वर्षाचा अभ्यासक्रम त्याने रूढ केला.

गोव्यात १९९३ मध्ये फादर रोमुआल्ड डिसोझा यांनी गोवा व्यवस्थापन संस्था काढली. ते त्यापूर्वी जमशेदपूरच्या संस्थेचे संचालक होते, आणि भुवनेश्वरची झेवियर संस्थाही त्यांनीच उभी केली होती. मांडवीच्या काठी, रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत वर्ग भरू लागले. ज्या दालनांत एके काळी रोग्यांच्या खाटा होत्या तिथे ताळेबंद वाचले जाऊ लागले. पुढे संस्था सत्तरीत, साखळीजवळच्या पर्ये येथे डोंगरउतारावर गेली.

अहमदाबादच्या संस्थेच्या इतिहासातील एका माणसाची हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. रवी मथाई हे १९६५ मध्ये तिचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. लुई कान यांनी आखलेल्या तांबड्या विटांच्या त्या भव्य इमारती त्यांच्याच काळात उभ्या राहू लागल्या. संस्थेचे नाव देशभर झाले असताना, १९७२ मध्ये मथाईंनी आपण होऊन संचालकपद सोडले आणि ते त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. पद हे काही काळ वाहावयाचे ओझे आहे, ती मिरास नव्हे, असा पायंडा त्यांना पाडावयाचा होता. त्यानंतर ते राजस्थानातील अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा या दुष्काळी भागात गेले. तिथे विणकर होते, चामड्याचे काम करणारे होते. हातात कसब होते, पण बाजार दलालाच्या मुठीत. माल कोणता बनवावा, भाव कसा ठरवावा, हिशेब कसा ठेवावा, आणि मुख्य म्हणजे कोणावाचूनही आपले आपण कसे चालावे, हे त्या लोकांनीच शिकावे म्हणून मथाईंनी राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या सहकाऱ्यांसह तिथे काही वर्षे खर्ची घातली. मोठ्या कंपन्यांसाठी तयार झालेले शास्त्र चांभाराच्या ओट्यावर उपयोगी पडते काय, हे त्यांना पाहावयाचे होते. काम अतिशय सावकाश चालले, अनेकदा फसलेही. परंतु तिथल्या विणकरांच्या आणि चर्मकारांच्या संघटना उभ्या राहिल्या. या पदवीच्या जाहिरातींत हे नाव क्वचितच दिसते.

आता टिळकवाडीच्या घराकडे परत येऊ. वडिलांना आकडे हवे आहेत. अहमदाबादसारख्या अग्रगण्य संस्थेत दोन वर्षांचे शुल्क आज पंचवीस लाख रुपयांच्या आसपास जाते; इतरत्र ते कमी असते, सरकारी विद्यापीठांच्या विभागांत तर पुष्कळच कमी. शुल्क हा मात्र खर्चाचा एकच भाग झाला. मुलगी आज वर्षाला आठ लाख मिळविते असे धरले, तर दोन वर्षांचे सोळा लाख हातचे जातील. म्हणजे खरी किंमत एकेचाळीस लाख. (व्यवस्थापनाच्या पहिल्याच महिन्यात हा हिशेब शिकवितात; तो प्रवेशापूर्वी करणारे विद्यार्थी थोडे.) वीस लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढले, तर दरमहा हप्ता पंचवीस हजार तीनशे पस्तीसच्या घरात येतो, आणि शेवटी बँकेला तीस लाखांहून अधिक रक्कम पोचती होते. शिकत असतानाच व्याज चढू लागते, ते निराळेच. तेव्हा चांगल्या संस्थेतून निघून चांगली नोकरी लागली तर हा व्यवहार चार-पाच वर्षांत फिटतो. पण ज्या संस्थेत शुल्क मोठे आणि नोकऱ्या बेताच्या, तिथे तो माणसाला तिशी उलटेपर्यंत मान वर करू देत नाही. अशा संस्थांच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. पाहावयाचा तो मधला आकडा : सर्व विद्यार्थी पगाराच्या क्रमाने उभे केले तर जो बरोबर मध्यावर येतो, त्याचा. तो छापलेला नसेल तर मागावा. मागूनही मिळाला नाही तर त्यातच उत्तर मिळाले.

पदवी की पदविका, ही आणखी एक गुंतागुंत. भारतीय व्यवस्थापन संस्था या विद्यापीठे नव्हत्या, म्हणून जवळजवळ साठ वर्षे त्यांना पदवी देता येत नसे. त्या पदव्युत्तर पदविका देत. २०१७ चा कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आला आणि त्यांना पदवीचा अधिकार मिळाला. अनेक स्वायत्त संस्था आजही पदविकाच देतात, आणि त्यांतल्या चांगल्या संस्थांच्या पदविकेला नोकरीच्या बाजारात कोणी उणे लेखत नाही. फक्त ती संस्था अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेली आहे ना, एवढे पाहून घ्यावे. गल्लोगल्ली पाट्या लागलेल्या आहेत.

प्रवेशासाठी कॅट ही सामाईक परीक्षा. दरवर्षी तीन लाखांच्या आसपास उमेदवार तिला बसतात आणि व्यवस्थापन संस्थांतील जागा काही हजार. इंग्रजी वाचन, माहितीचा तर्कशुद्ध उलगडा आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटे. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि पालकांचा तिथे नेहमी घोटाळा होतो. नव्व्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत नव्व्याण्णव गुण नव्हेत. शंभर उमेदवारांतील नव्व्याण्णव मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. गुण निम्म्याच्या आसपास असले तरी हे घडू शकते. परदेशी जाणाऱ्यांना जीमॅट ही परीक्षा आहे. ती १९५४ पासून चालत आली आहे. परदेशातील चांगल्या शाळा सहसा तीन-चार वर्षे काम केलेल्यांना घेतात. आपल्याकडे मात्र महाविद्यालयाच्या बाकावरून उठून थेट व्यवस्थापनाच्या बाकावर बसणारेच पुष्कळ. ज्याने कधी पगारपत्रकावर सही केली नाही, कधी वरिष्ठाचे बोलणे खाल्ले नाही, त्याला ओतशाळेच्या मालकाची रात्र कशी समजावी? त्या दृष्टीने टिळकवाडीच्या मुलीची चार वर्षे फुकट गेलेली नाहीत. किंबहुना त्या चार वर्षांवाचून तिला हा प्रश्नच पडला नसता. कारखान्यात एकच सुटा भाग तीनदा नाकारला जातो, दोष यंत्राचा नसून दोन खात्यांतील अबोल्याचा आहे, आणि तो अबोला मोडण्याचा अधिकार किंवा भाषा आपल्यापाशी नाही, हे तिने तिथे पाहिले.

वडील बेळगावचे, तेव्हा त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव काढणे अटळ होते. मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवीत असताना हक्काची बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढलेले होतेच. पुढे लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. “त्यांना कुठे होती कारभाराची पदवी?” मुलगी म्हणते, “बाबा, त्यांनी मुलाला मात्र अमेरिकेला धाडलं शिकायला.” तेही खरेच. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ मध्ये एम.आय.टी.चे यंत्र-अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. ज्याने स्वतः अडखळत शिकले तोच मुलाला शाळेत पाठवितो. यात विसंगती काही नाही.

राहिला आजीचा प्रश्न. डॉक्टर चुकला तर वैद्यक परिषद त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. वकिलाची सनद जाऊ शकते. व्यवस्थापकाला सनद नाही, परिषद नाही, आणि पदवीवाचून कारभार करण्यास कोणाला मनाईही नाही. एन्रॉन ही अमेरिकी कंपनी २००१ मध्ये कोसळली आणि हजारो नोकरांच्या निवृत्तिवेतनाची पुंजी तिच्याबरोबर बुडाली. तिचे प्रमुख राहिलेले जेफ्री स्किलिंग यांना पुढे २००६ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले. ते हार्वर्डचे एम.बी.ए. होते, आणि वर्गात हुशार म्हणून नावाजलेले. हार्वर्डचेच प्राध्यापक राकेश खुराना यांनी २००७ मध्ये या शाळांचा इतिहास लिहिला, तेव्हा उच्च ध्येयाने निघालेले हे शिक्षण अखेर भाडोत्री हात पुरवू लागले, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर, २००९ च्या वसंतात पदवी घेणाऱ्या हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी वैद्यांच्या धर्तीवर स्वतःच एक शपथ लिहिली आणि इतर शाळांतील विद्यार्थ्यांनीही ती घेतली. ती मोडली तर शिक्षा कोणतीच नाही. तरी त्या तरुणांना ती लिहावीशी वाटली, याची नोंद करावयास हवी.

मुलीने आजीला उत्तर दिले ते साधेच होते. ती म्हणाली, “आजी, तू एवढी वर्षं घर चालवलंस. धान्य कधी भरायचं, कोणाचं देणं आधी फेडायचं, कामाला येणाऱ्या बाईला सणाला काय द्यायचं, सगळं तूच बघायचीस. तुला कोण म्हणायचे?”

“मला कोण काय म्हणतंय? घरची बाई म्हणायचे,” आजी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “चुकलं तर माझ्याच पोरांच्या ताटात कमी पडायचं. तुझं चुकलं तर कोणाच्या ताटात पडणार, ते त्या शाळेत विचारून घे.”

वडिलांनी तोवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकडे मांडले होते. एकेचाळीस लाखांखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. पुण्याजवळच एका सरकारमान्य विद्यापीठात नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी करता येण्याजोगा अभ्यासक्रम आहे, तोही त्यांनी शेजारी लिहून ठेवला. त्यात खर्च थोडा, पण वर्गातला खल आणि सोबत्यांचा सहवासही थोडा. कॅटचे अर्ज ऑगस्टमध्ये सुटतात, परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस. आईने विचारले, छपराचे काय करावयाचे. या पावसाळ्यात ताडपत्री टाकू, असे वडील म्हणाले.